तिसरी वाटी

मंदाकिनीचे डोळे मिटत आले आहेत, पण पुरते मिटलेले नाहीत. वाचता वाचता पुस्तक उघडंच छातीवर पालथं पडलं आहे आणि श्वासाबरोबर वरखाली होतं आहे. वैशाखातली दुपार. कऱ्हाडात अशा दुपारी कावळासुद्धा तोंड उघडत नाही. ती खिडकीखाली चटईवर आडवी झाली आहे. डोक्याशी खिडकीचा कट्टा, कट्ट्यावर स्टीलच्या चार वाट्या, शेजारी तांदळाने भरलेल्या पेल्यात खोचलेली उदबत्ती आणि निशिगंधाची एक दांडी.

"मंदे, निजलीस व्हय गं?" पलीकडच्या खोलीतून अनसाआत्या विचारतात. त्या मंदाकिनीच्या वडिलांच्या थोरल्या बहीण. कान गेले आहेत, पण घरातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

"नाही आत्या. पडलेय नुसती."

"संकष्टी हाय आज. दिवसा निजू नये." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि भरदुपारी भात वाढून ठेवलास. आईचं वळण बरोबर उचललंस बघ."

या भाताचं कोडं मंदाकिनीलाही लहानपणापासून पडलेलं.

तिचे वडील, हिंदुराव मोहिते, फौजेत सिग्नलमध्ये होते. व्हिएतनाममध्ये लढाई चालू असताना तिथे शस्त्रसंधीच्या देखरेखीला भारताची माणसं गेली होती, त्यात तेही सायगावला गेले आणि परत आले ते बायको घेऊन. बायको मेकाँग नदीच्या मुखाकडची. तिचं नाव ह्वे. त्याचा अर्थ निशिगंध, असं हिंदुरावांनी आपल्या आईला सांगितलं, आणि आजीने जास्त विचार न करता सुनेचं नाव निशिगंधा ठेवलं. आळीने त्याची निशावहिनी केली. निशावहिनी भाकरी थापायला शिकली, नऊवारी नेसायला शिकली, सासूसारखंच ठसक्यात बोलायला शिकली. तिच्या मुलखाबद्दल कुणी विचारलं तर कृष्णेच्या घाटाकडे बोट करून म्हणायची, "तिकडंबी नदीच होती." आणि विषय संपायचा.

वर्षातून एकदाच ती काहीतरी वेगळं करायची. वैशाखातल्या पौर्णिमेनंतर भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभी राहून बोटांवर दिवस मोजायची आणि चतुर्थीला पहाटे उठून अळूचे देठ सोलायला बसायची. चिंच, अननस, टोमॅटो, भेंडी आणि देठ अशी आंबटगोड पातळ आमटी. भात. खिडकीच्या कट्ट्यावर तीन वाट्या. उदबत्ती लावून ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि उदबत्ती विझेपर्यंत तिथून हलायची नाही. घरच्यांनी ठरवून टाकलं, निशा संकष्टी करते. तेही बारा महिन्यांतली एकच, चंद्राची वाट न बघता, दुपारी आणि भात खाऊन! आजी पुटपुटण्याला अथर्वशीर्ष समजायची आणि म्हणायची, "परमुलखाची हाय ती. बाप्पा घेतो समजून."

"एक वाटी गणपतीची, एक चंद्राची," आजीने एकदा विचारलं होतं, "आणि ही तिसरी कुणाची गं?"

"आल्यागेल्याची," आई म्हणाली होती.

उदबत्ती विझली की पहिल्या दोन वाट्या मुलांना मिळायच्या. तिसरी मात्र ती कुणाला देत नसे. खिडकीकडे तोंड करून, एकटी बसून, स्वतः खायची.

गेल्या कार्तिकात आई गेली. मंदाकिनी साताऱ्याच्या कॉलेजात भूगोल शिकवते. मेकाँगचा त्रिभुज प्रदेश तिने इतकी वर्षं खडूने फळ्यावर काढला, मुलांकडून पाठ करून घेतला, पण त्यातल्या एकाही गावाचा वास तिला माहीत नव्हता. आईचे दिवस उरकल्यावर ती वाचायला लागली. तिकडच्या कथा, कादंबऱ्या, इंग्रजीत आलेल्या, मिळतील तशा. आधी कॉलेजच्या वाचनालयातलं एकुलतं एक पुस्तक, मग टपालाने मागवलेली जुनी, पिवळी पडलेली. त्यांत तिला कृष्णेत मिळणारी मरळ भेटली. अळूचे देठ भेटले. नवऱ्याला लाडाने शिव्या देणाऱ्या बायका भेटल्या. आणि एका कथेत, चंद्राच्या तिथीने पाळलेला मृत्यूचा दिवस भेटला. मेलेल्या माणसांच्या संख्येइतक्या वाट्या मांडायच्या. उदबत्ती लावायची. त्यांना हाक मारून जेवायला बोलवायचं. उदबत्ती विझली म्हणजे ते जेवले, मग घरच्यांनी जेवायचं.

संकष्टीचा उलगडा झाला होता. आईचे आईवडील एकाच दिवशी नाव बुडून गेले, एवढं वडिलांनी कधीतरी सांगितलेलं होतं. म्हणजे दोन वाट्या त्यांच्या.

तिसऱ्या वाटीबद्दल तिचा एक संशय आहे, आणि तो जुना आहे. आई लाडात आली की तिला "माझी दुसरी" म्हणायची. धाकट्या भावाला "तिसरा." घरात मंदाकिनी तर पहिली! मग खरी पहिली कोण? वडिलांच्या आधी, तिकडे, आईला एखादं लेकरू झालं होतं का? हे आईला विचारायचं धाडस तिला कधी झालं नाही. वडील आधीच गेलेले, आणि आता विचारायला आईही नाही.

आज तीच चतुर्थी, आई गेल्यानंतरची पहिली. मंदाकिनी मुद्दाम साताऱ्याहून आली, देठ सोलले, आमटी केली. आईसाठी म्हणून चौथी वाटी वाढवली. उदबत्तीही लावली. पण हाक मारता आली नाही. आजीआजोबांना आजीआजोबा म्हणता येईल. आईला आई. तिसऱ्याला काय म्हणायचं? आणि एकाला सोडून बाकीच्यांना बोलवायचं कसं? तिने वाचलेल्या पुस्तकांतून, ज्यांना कुणी हाक मारत नाही ती माणसं भरल्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभी असतात. आत येत नाहीत. नुसती उभी असतात.

म्हणून ती पुस्तक घेऊन आडवी झाली. आजची कादंबरी नदीकाठच्या एका गावाची आहे. त्यात एक गोष्ट तिला मघापासून टोचते आहे. गावात लोक एकमेकांना क्रमाने हाक मारतात, दुसरा काका, तिसरी मावशी, सहावा मामा. पण घर कुठलंही असो, कुणाच्याच घरात पहिला नाही. गावातले सगळे पहिले गेले कुठे?

पंखा फिरतो आहे. उदबत्तीची राख वाकली आहे, पडत नाही.

"हे काय वाचतीस?" आई विचारते.

ती चटईच्या कडेला बसली आहे, मांडीवर अळूचे देठ घेऊन. नखाने साल ओढते आहे. साल लांबच लांब निघते, चटईवरून जमिनीवर, जमिनीवरून दाराबाहेर.

"तुझ्याकडचं पुस्तक आहे," मंदाकिनी म्हणते. आई इथे कशी, हे विचारायचं तिच्या मनात येतं, पण ते उद्धट वाटेल असंही वाटतं.

"माझ्याकडचं? मी न्हाय लिव्हलं."

"तुझ्या गावाकडचं गं."

आई पुस्तक हातात घेते, उलटं धरते, सुलटं धरते, वास घेते. "आमटी हाय का यात?"

"आहे. पान एकशे..."

"पान कशाला? चव बरोबर हाय का सांग."

"मासा घालतात त्यात. तू कधी घातला नाहीस."

"संकष्टीला मासा?" आई डोळे मोठे करते. "तुझ्या आजीनं मला मरळीसकट नदीत सोडली असती."

दोघी हसतात. पलीकडच्या खोलीत आत्या कूस बदलतात, पलंग कुरकुरतो, आणि तो कुरकुरतो तसा बाकही कुरकुरतो, कारण आई आता शेवटच्या बाकावर बसली आहे आणि मंदाकिनी फळ्यापाशी उभी आहे. वर्गात दुसरं कुणी नाही. फळ्यावर मेकाँग आहे, नऊ तोंडांची. मंदाकिनीच्या हाताला खडू लागलेला आहे.

"चुकलीस," आई मागून म्हणते.

"कुठे?"

आई पुढे येते. नऊवारीचा पदर हाताला गुंडाळून नदीचं एक तोंड पुसून टाकते आणि बोटाने नवीन काढते. बोटाला खडू नाही, तरी रेघ उमटते. रेघ ओली आहे. "ही अशी वळती. हितं नारळीची झाडं. हितं आमचा धक्का. सकाळी पाणी वर येतं, सांजच्याला मागं जातं. हे तुझ्या पोरांना सांगितलंस कधी?"

"भरतीओहोटी सांगते की."

"भरतीवहोटी न्हाय. पाणी परत येतं, हे सांग."

मंदाकिनीला आता विचारायचं आहे. प्रश्न जिभेवर आहे, पण आधी दुसरंच तोंडून निघतं. "लांब आहे का इथून?"

"गाडी हाय की," आई म्हणते, आणि फळ्यातून पाणी ठिबकायच्या आत दोघी गाडीत आहेत. लाल एसटी आहे. खिडक्यांच्या काचा खडखडत आहेत. पुढच्या सीटवर कुणीतरी कोंबड्यांची टोपली ठेवली आहे. कंडक्टर तोल सांभाळत येतो. त्याचा चेहरा मंदाकिनीला ओळखीचा वाटतो, पण कुणाचा ते आठवत नाही.

"कुठं?"

"माझ्या माहेरी," आई म्हणते.

"तुमचं तिकीट लागत नाही. मयत व्यक्तीला सवलत आहे." तो मंदाकिनीकडे बोट करतो. "यांचं पूर्ण. ओळखपत्र दाखवा."

"माझं?" मंदाकिनी विचारते.

"तुमचं कशाला? तुम्ही जिवंत आहात हे दिसतंय. यांचं. मयत आहे असं कुणीही येऊन सांगतं बाई, गाडी अशानं तोट्यात चाललीय."

आई ओच्यातून एक फोटो काढते. काळापांढरा, लाकडी चौकटीतला. कडा धुराने पिवळ्या पडलेल्या. फोटोत एक मुलगी आहे, केस मागे ओढून बांधलेले, कानात बारीक कुड्या. वीस वर्षांची असेल.

कंडक्टर फोटो लांब धरून बघतो. "हा जुना आहे."

"तवाच गेले मी."

"तेव्हा?" तो आईच्या पांढऱ्या केसांकडे बघतो. "मग एवढी वर्षं काय केलंत?"

"संसार," आई म्हणते.

तो मान डोलावतो, जणू असे प्रवासी रोजच भेटतात, आणि फोटोच्या कोपऱ्याला चिमटा मारून परत देतो. "सरका, मागं सरका," म्हणत रिकाम्या गाडीत मागे निघून जातो.

मंदाकिनी फोटो आईच्या हातातून घेते. चौकटीला उदबत्तीचा वास आहे, घरच्या उदबत्तीचा नाही, उग्र, लाकडासारखा. असा फोटो त्यांच्या घरी कधीच नव्हता. आईचा तरुणपणीचा एकही फोटो नव्हता.

"हा कुठून आणलास?"

"भिंतीवरनं. मधे होते मी. हिकडं आई, तिकडं बा, आणि मधे मी."

गाडीचा आवाज बदलतो. चाकांखाली डांबर नाही, लाकडी फळ्या आहेत. गाडी उभी राहते, तरी बाहेरचा काठ सरकतो आहे. एसटी एका मोठ्या तराफ्यावर चढली आहे आणि तराफा नदीवर आहे. नदी एवढी रुंद की पलीकडची झाडं दोऱ्यासारखी दिसतात. पाणी चहाच्या रंगाचं. खिडकीशी बायका येतात, सोललेले अननस काड्यांना खोचलेले, डोक्यावर टोकदार टोप्या. त्या काय ओरडतात ते मंदाकिनीला कळतं आहे. ही भाषा तिने कधी ऐकली नाही, तरी सगळं कळतं आहे, आणि याचं तिला फार नवल वाटत नाही.

"आई, सांग ना."

आई पाण्याकडे बघत सांगते. आवाज कापत नाही. भाजीच्या भावाबद्दल सांगावं तसं सांगते.

"बाजाराला निघाली हुती आई आणि बा. मी बी त्यांच्यासंगं निघाले. भावाला म्हनले, सांजच्याला येतो. धक्क्यावरनं नाव सुटली आणि मी म्होरच्या धक्क्यावर उतरले. आईला म्हनले, मैत्रिणीकडं जाते. आणि ह्याच गाडीत बसले, सायगावला. तुझ्या बापाला भेटायला."

"बाबांना?"

"तुझा बाप तवा लई चांगला दिसायचा," आई जरा लाजून म्हणते. "नाव म्होरं जाऊन बुडाली. लढाईचे दिस. कशानं बुडाली कुणाला ठाव. माझ्या भावाला दोघं सापडली. तिसरीला किती दिस शोधलं त्यानं. मग नाद सोडला."

"त्याला वाटलं तू नावेत होतीस."

"त्यानं मला नावेत चढताना बघितलं हुतं. दुसरं काय वाटंल?"

अननसवाली बाई खिडकीशी थांबते. आईकडे बघते आणि तिच्या हातून टोपली सुटते. अननस पाण्यात पडतात, एकामागून एक, आवाज न करता.

"ही बघ," आई म्हणते. "आमच्या गावची. अशीच सायगावच्या बंदरात भेटली मला. किंचाळली. म्हनली, तुझे तर दिस घातले आम्ही. फोटो लावलाय तुझा, मधोमध. तवा कळलं मला, आई आणि बा गेली ते. आणि मी गेले तेबी."

"मग परत का नाही गेलीस?"

"मी सायगावला आले त्या दिवसापासनं रस्ता बंद हुता. दुसऱ्या दिशी आमची बोट. तिच्यापाशी सांगावा दिला, भावाला सांग, मी हाय."

"पोचला?"

आई खांदे उडवते. अगदी मोहित्यांच्या घरचे खांदे, आजीचे. "नंतर पत्रं टाकली. एकाचंबी उत्तर न्हाय. एकतर तो न्हाय, न्हायतर घर न्हाय, न्हायतर पत्र न्हाय. पण तो असला तर वाट्या तीनच मांडत असणार."

मंदाकिनीच्या लक्षात यायला लागलं आहे, आणि ते लक्षात येणं पाण्यासारखं आहे, खालून वर येणारं. तरी ती तो जुना प्रश्न विचारून टाकते. तो विचारल्याशिवाय जागा सोडणार नाही.

"मला वाटलं तिसरी वाटी माझ्या आधीच्या लेकराची. तू मला दुसरी म्हणायचीस."

आई आधी तिच्याकडे बघत राहते, मग इतकी हसते की पुढच्या टोपलीतल्या कोंबड्या दचकतात. "अगं येडे! एवढं शिकलीस आणि हे धरून बसलीस व्हय इतकी वर्सं? तू पहिलीच. पहिल्याला पहिली म्हनत न्हाईत आमच्यात. दुसरी म्हनायचं. मंग नेणारा आला तर त्याला वाटतं, पहिली कुणीतरी आधीच नेली. तो जातो परत."

"म्हणून पुस्तकात कुणाच्याच घरी पहिला नाही."

"सगळ्यांच्या घरी हाय. लपवलेला."

आणि मग मंदाकिनीला आईचं ते वाक्य आठवतं. ताप आला, पाय मोडला, डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, की आई म्हणायची, "मला काय हुतंय? मी एकदा मेलेय." सगळे हसायचे. आई पण हसायची.

"तूही लपलेली होतीस," मंदाकिनी म्हणते.

"मला न्यायला कुणी आलंच न्हाय लई वर्सं. मेलेल्या माणसाला परत न्यायला कोण येतंय?" आई पदराने डोळ्यांचे कोपरे टिपते. हसून पाणी आलं आहे की काय, ते कळत नाही. "चल, उशीर झाला. तुझा मामा थांबलाय."

तराफा काठाला लागलेला नाही, तरी त्या एका खोलीत उभ्या आहेत. खोली कऱ्हाडच्या घराचीच आहे, तोच कट्टा, तोच पंखा, पण खिडकीबाहेर नारळी आहेत आणि जमिनीवर घोट्याएवढं पाणी आहे. भिंतीवर दोन फोटो, मधे रिकामी जागा. एक म्हातारा पाठमोरा उभा आहे. पाय उघडे, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तो वाट्या मांडतो आहे, सावकाश. एक. दोन. तिसरी मांडताना तो वाटीचा काठ अंगठ्याने पुसतो.

"मामा," मंदाकिनी म्हणते. मामाला ऐकू जात नाही.

"सांगू दे मला त्याला. तू तिकडे जगलीस. तुला मुलं झाली. भाकरी करायला शिकलीस."

"राहू दे," आई म्हणते. "त्याला सवय झालीय माझी. आता कुठं जिती झाले तर गोंधळंल."

म्हातारा उदबत्ती कपाळाशी धरतो आणि हाक मारतो. बा, जेवायला ये. आई, जेवायला ये. आणि मग जरा थांबून, धाकट्या बहिणीला खेळातून बोलवावं तसं, "ह्वे, चल जेवायला."

आई "आले" म्हणते आणि पुढे होते.

"दर वर्षाला हाक मारतो गं," ती वळून म्हणते. "वाढलेलं तसंच सोडायचं कसं? तो तिकडं वाढायचा, मी हिकडं जेवायची. तेवढाच त्याचा माझा व्यवहार."

मंदाकिनीला अजून पुष्कळ विचारायचं आहे, घराचा रंग, मामाचं नाव, निशिगंध तू केसात का माळत नव्हतीस, पण पाणी गुडघ्यापर्यंत आलं आहे आणि आई कट्ट्याशी बसून वाट्यांकडे बघते आहे. आता वाट्या चार आहेत. स्टीलच्या. मंदाकिनीने मांडलेल्या.

"ही चौथी कुणाची?"

"तुझी."

"मग तिसरी?"

मंदाकिनी दोन्ही वाट्यांकडे आळीपाळीने बघते.

"माझ्या नावानं दोन दोन कशाला? तिसरी माझीच हाय. इतकी वर्सं उसनी हुती, आता खरी झाली." आई चौथी वाटी उचलून मंदाकिनीच्या हातात देते. वाटी गरम आहे. "ही आता तुझी, हितं ठेवू नको. जित्या माणसाची वाटी हितं मांडायची नसती. माझं निभावलं, सगळ्यांचं निभावत न्हाय. तू हिकडं बसून जेव. माझ्यासंगं."

मग तिसरी वाटी ओठाला लावते, एक घोट घेते आणि तोंड वाकडं करते. "मीठ बरं हाय. पण मासा न्हाय."

"आत्यांची संकष्टी आहे, आई. घरात मासा कसा आणू?"

"हां. अनसाक्का." आई मान हलवते. "अजून तशीच बोलती?"

"तशीच."

"बोलू दे. एकटी पडलीय." ती खाली वाकते, दोन्ही हात पाण्यात घालते, कृष्णेच्या घाटावर कपडे पिळताना वाकायची तशी. पाण्यात काहीतरी काळं, चपळ वळवळतं. "थांब. पळाली. थांब, हाय हितंच..."

पाणी खळखळतं.

खळखळ थांबत नाही, कारण ती न्हाणीतली आहे. आत्यांनी नळ सोडला आहे. पंखा फिरतो आहे. मंदाकिनी चटईवर उताणी आहे, पुस्तक कुशीखाली गेलं आहे आणि उजव्या हाताची बोटं एका वाटीभोवती मिटलेली आहेत. चौथी वाटी. ती कट्ट्यावरून केव्हा उतरवली, तिला आठवत नाही. झोपेत हात वर गेला असेल. कट्टा डोक्याशीच आहे.

ती उठून बसते. उदबत्ती विझली आहे. राख आता पडली आहे, तांदळावर, एका अखंड वळशात.

आत्या पदराला हात पुसत दाराशी येतात. नाकपुड्या फुगवतात. "मंदे, वास कसला गं? मासळीचा?"

"कुठे काय आत्या."

"कुठं काय म्हनू नको. माझे कान गेलेत, नाक न्हाय गेलं. संकष्टीला कुणी आणली मासळी?"

मंदाकिनी कट्ट्याकडे वळते. पहिली वाटी भरलेली आहे, आमटीवर साय धरल्यासारखा पापुद्रा. दुसरीही तशीच. तिसरी निम्मी आहे. मघाशी तिने चारही वाट्यांत एकाच पळीने, एकसारखी आमटी घातली होती. चिंच, अननस, टोमॅटो, भेंडी, अळूचे देठ. या घरात आईच्या आजारपणानंतर मासा शिजलेला नाही.

इतर वेळी मरळ खाताना आई काटे वाटीच्या काठावर आडवे ठेवायची, एका ओळीत, टोकं खिडकीकडे. "मोजता येत्यात," म्हणायची, "एखादा पोटात गेला तर कळतंय."

तिसऱ्या वाटीच्या काठावर एक काटा आहे. लांब, पातळ, ओला. टोक खिडकीकडे.

"कुणी आणली म्हनते मी?"

मंदाकिनी काट्याला हात लावत नाही. चौथी वाटी मांडीवर घेते, कट्ट्याकडे तोंड करून नीट बसते. आमटी अजून कोमट आहे.

"आत्या, बसा इथे," ती म्हणते. "तुमचा उपास आहे, जेवू नका. नुसत्या सोबतीला बसा. आई जेवतेय."